सपाट कापडातून उभा आकार : वस्त्र आणि पादत्राणांच्या त्रिमितीय संकल्पचित्रणाचे शिक्षण

कापड मागावरून सपाट उतरते, कातडे कमावल्यावर सपाट वाळवले जाते आणि कागदाला तर सपाटपणाखेरीज दुसरा गुण नसतो. मात्र ज्या देहासाठी आणि ज्या पावलासाठी या वस्तूंचा उपयोग करायचा, त्यांच्यात पूर्णपणे सपाट असा भाग जवळजवळ नसतोच. वस्त्र आणि पादत्राण यांच्या रचनेतील बहुतेक सर्व अडचणी या एका विसंगतीतून निर्माण होतात, आणि ती सोडवण्याची जी शिस्तबद्ध विद्या आहे तिला त्रिमितीय संकल्पचित्रण असे म्हणता येईल. लांबी आणि रुंदी यांच्याबरोबर खोलीचाही विचार करून वस्तूचा आकार कल्पिणे, तो कागदावर किंवा पडद्यावर मांडणे, आणि त्या मांडणीवरून प्रत्यक्ष कापता येतील असे सपाट तुकडे मिळवणे, ही तीनही कामे या विद्येत येतात.

या क्षेत्रात चित्र हा शब्द किमान चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि शिकणाऱ्याने त्यांतील फरक प्रारंभीच समजून घेतलेला बरा. पहिले म्हणजे दर्शनी रेखाटन, ज्यात वस्त्राची ऐट, कापडाचा पोत आणि पेहरावाचा भाव दाखवला जातो. त्यातील मानवी आकृती बहुधा वास्तवापेक्षा उंच आणि सडपातळ काढतात, त्यामुळे त्यावरून मापे घेता येत नाहीत. दुसरे तांत्रिक रेखाचित्र, ज्यात वस्त्र टेबलावर पसरल्यासारखे समोरून आणि मागून काढून प्रत्येक शिवण, टीप, बटण आणि खिसा यांचे स्थान नोंदवलेले असते. तिसरा खाका, ज्याला शिवणवर्गात पॅटर्न म्हणतात. हा कापायच्या तुकड्यांचा पूर्ण मापाचा आराखडा होय. चौथी त्रिमितीय प्रतिकृती, जी मांजरपाटात शिवून पुतळ्यावर चढवलेली असेल किंवा संगणकात उभी केलेली असेल. चांगला रचनाकार या चारही चित्रांमध्ये सहज ये-जा करू शकतो, आणि ही ये-जा अंगवळणी पाडणे हेच या शिक्षणाचे खरे उद्दिष्ट आहे.

भूमितीचा नियम

सपाट पृष्ठ न ताणता आणि न चुरगाळता कोणत्या आकारांवर बसू शकते, हा प्रश्न गणितात जुना आहे. कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये दाखवून दिले की, प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःची एक अंगभूत वक्रता असते आणि पृष्ठभाग केवळ वाकवल्याने ती बदलत नाही. कागदाची अंगभूत वक्रता शून्य असल्यामुळे त्याची नळी करता येते, शंकू करता येतो, परंतु तो चेंडूवर नेटका बसवता येत नाही. बसवायचाच झाला तर त्याला चुण्या पाडाव्या लागतात, कापावे लागते किंवा ताणावे लागते. ज्या पृष्ठभागांना उलगडून पुन्हा सपाट करता येते त्यांना उलगडणारे पृष्ठभाग म्हणतात, आणि साधी सरळ बाही किंवा घेरदार परकर हे त्या वर्गाच्या जवळ जाणारे आकार आहेत.

जे आकार उलगडत नाहीत त्यांचे दोन प्रकार पडतात. पहिला घुमटाकार, ज्यात पृष्ठभाग सर्व दिशांना एकाच बाजूला वळलेला असतो. छातीचा उभार, खांद्याचे टोक, नितंब, टाच आणि बुटाचा पुढचा गोल भाग हे या प्रकारात मोडतात. दुसरा खोगिरासारखा, ज्यात पृष्ठभाग एका दिशेने वर आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने खाली वळतो. मानेचा खळगा, काख, पाठीमागची कंबर आणि पावलाच्या वरच्या बाजूस जेथे घोट्याकडे चढ सुरू होतो तो भाग, ही याची उदाहरणे होत. या भेदातून रचनाकाराला उपयोगी पडणारा एक सोपा नियम निघतो : घुमटाकार भागी सपाट तुकड्याच्या कडेचे कापड जास्त होते, म्हणून ते काढून टाकावे किंवा आत घ्यावे लागते, खोगिरासारख्या भागी कापड कमी पडते, म्हणून ते जोडावे लागते.

शिवणकामातील कितीतरी युक्त्या या नियमाचीच रूपे आहेत. चार टक्सच्या ब्लाऊजमध्ये छातीच्या बिंदूकडे निमुळते होत जाणारे जे टक्स घेतात, ते घुमटासाठी जादा कापड आत ओढतात. कटोरी ब्लाऊजमध्ये तेच काम गोलाईच्या शिवणीत लपवलेले असते, तर प्रिन्सेस कटमध्ये मुंढ्यापासून किंवा खांद्यापासून कमरेपर्यंत जाणारी लांब शिवण ते करते. याउलट जुन्या बेतणीच्या अंगरख्यात काखेत बसवलेला चौकोनी तुकडा, तसेच घेर वाढवण्यासाठी घातलेली त्रिकोणी कळी, ही जोडलेल्या कापडाची उदाहरणे आहेत. काखेतील त्या लहानशा तुकड्यामुळे हात वर उचलला असता संपूर्ण अंगरखा वर ओढला जात नाही. परंपरेने चालत आलेल्या या बेतणीत जी समज आहे ती गणिताच्या भाषेत मांडलेली नव्हती, तरी ती त्याच सत्याला धरून होती.

विणलेल्या कापडाकडे मात्र कागदाकडे नसलेला एक गुण असतो. पाफ्नुती चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने १८७८ मध्ये पॅरिस येथे वस्त्रांच्या बेतणीवर व्याख्यान दिले आणि त्यात कापडाची गणिती कल्पना मांडली : ताणा आणि बाणा यांचे धागे स्वतः लांबत नाहीत, पण त्यांच्यामधील काटकोन बदलू शकतो, म्हणजे कापडातील लहान लहान चौकोन तिरपे होऊन समभुज चौकोनांचे रूप घेऊ शकतात. या गुणामुळे कापड काही प्रमाणात घुमटावर बसते, आणि चेबिशेव्ह यांनी गोलाकारावर कापड बसवण्यासाठी तुकड्यांचा आकार कसा असावा हेही मांडले. धाग्यांचे असे जाळे गणितात आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. फ्रेंच वस्त्ररचनाकार मादलेन व्हिओने यांनी हाच गुण कलेच्या पातळीवर नेला. १९१२ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचे वस्त्रगृह सुरू करणाऱ्या व्हिओने लहान लाकडी पुतळीवर कापड गुंडाळून रचना करीत, आणि कापड धाग्याला ४५ अंशांनी तिरपे धरून कापल्यास ते देहावरून ओघळत कसे उतरते, हे त्यांनी इतक्या बारकाईने अभ्यासले की, पुढील काळातील तिरप्या बेतणीचा विचार त्यांच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही.

कागदाकडून देहाकडे

सपाट तुकड्यांचे शास्त्र ग्रंथांत उतरू लागले त्याला चार शतकांहून अधिक काळ लोटला. हुआन दे अल्सेगा या स्पॅनिश शिंप्याने १५८० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरनिराळ्या पेहरावांचे तुकडे कापडाच्या पन्ह्यावर कसे मांडावेत याच्या आकृत्या दिल्या होत्या, आणि त्याच्या शीर्षकातच भूमितीचा उल्लेख होता. त्यानंतर दोन मार्ग ठळकपणे विकसित झाले. पहिल्या मार्गात देहाची मापे घेऊन कागदावर मूळ खाका काढतात आणि त्यात फेरफार करून हवी ती रचना साधतात. दुसऱ्या मार्गात पुतळ्यावर थेट कापड टाचून, त्याच्यावर खुणा करून, नंतर ते उतरवून सपाट खाका मिळवतात. पहिला मार्ग हिशेब शिकवतो, दुसरा नजर शिकवतो, आणि विद्यार्थ्याला दोन्ही अवगत असणे आवश्यक आहे, कारण पडद्यावरील त्रिमितीय रचना या दोन्हींच्या संगमावर उभी असते.

हिशेबाचा भाग किती सोपा आणि तरी किती उपयुक्त असतो, हे घेरदार स्कर्टच्या उदाहरणावरून लक्षात येईल. कमर ६६ सेंटिमीटर असेल आणि स्कर्ट पूर्ण वर्तुळाचा करायचा असेल, तर कमरेच्या वर्तुळाची त्रिज्या ६६ भागिले पाय या स्थिरांकाची दुप्पट, म्हणजे सुमारे १०.५ सेंटिमीटर येते. स्कर्टची लांबी ६० सेंटिमीटर धरल्यास खालच्या काठाची त्रिज्या ७०.५ आणि घेर सुमारे ४४३ सेंटिमीटर होतो. तोच स्कर्ट अर्ध्या वर्तुळाचा केला तर कमरेची त्रिज्या २१ सेंटिमीटर घ्यावी लागते आणि घेर सुमारे २५४ सेंटिमीटर भरतो. कमर तीच आणि लांबी तीच असूनही खाली पडणाऱ्या लाटांमध्ये जवळजवळ दोन मीटर घेराचे अंतर पडते, आणि ही लाट रेखाटनात कशी दिसेल हे आकडेमोड केलेल्या विद्यार्थ्याला आधीच कळलेले असते.

टक्स फिरवण्याचा अभ्यास हा याच्या पुढचा टप्पा आहे. जाड कागदाच्या वर्तुळातून केंद्रापर्यंत जाणारी ३० अंशांची फाक कापून कडा जुळवल्या की उथळ शंकू तयार होतो. ती फाक वर्तुळाच्या कोणत्याही बाजूने कापली किंवा १५ अंशांच्या दोन फाकांत विभागली, तरी शंकूची उंची तीच राहते. याचा अर्थ असा की, छातीच्या उभारासाठी लागणारा एकूण कोन ठरलेला असतो आणि रचनाकाराला तो खांद्यात, मुंढ्यात, बाजूच्या शिवणीत, कमरेत किंवा गळ्याच्या चुण्यांत कोठेही नेता येतो. ज्याला हे एकदा हाताने कळले तो कोणत्याही वस्त्राकडे पाहून त्यातील टक्स कोठे दडले आहेत, हे सांगू शकतो. कमरेखालच्या भागातही हीच वाटणी करावी लागते : नितंबाचा घेर ९६ आणि कमर ७२ सेंटिमीटर असेल, तर २४ सेंटिमीटरचा फरक बाजूच्या दोन शिवणींत मिळून १२ आणि प्रत्येकी ३ सेंटिमीटरच्या चार टक्समध्ये १२, असा विभागता येतो, कोणत्या देहाला कोणती वाटणी शोभते हे मात्र पुतळ्यावर किंवा प्रत्यक्ष अंगावर पाहूनच ठरते.

न शिवलेल्या वस्त्रांचा अभ्यासही या शिक्षणात गंभीरपणे व्हायला हवा. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचा एक अखंड आयत. त्याला ना टक्स असतो ना शिवण, तरीही निऱ्या, ओचा आणि काष्टा यांच्या साहाय्याने त्यातून दोन्ही पायांना स्वतंत्रपणे वेढणारा आणि चालण्या-वाकण्याला मोकळीक देणारा आकार नेसणारीच्या हातून देहावरच तयार होतो. येथे जादा कापड कापले जात नाही, ते घड्यांत साठवले जाते, आणि त्यामुळे एकच वस्त्र निरनिराळ्या बांध्यांच्या स्त्रियांना बसते. महाराष्ट्रातील वस्त्रविद्येच्या विद्यार्थ्याने नऊवारीच्या घड्यांचा त्रिमितीय आराखडा काढून पाहिला, तर घडी, गाठ आणि खोचणे यांची जी समज त्याला मिळेल ती कोणत्याही परदेशी नमुन्याच्या अभ्यासातून मिळणाऱ्या समजेइतकीच मोलाची ठरेल.

रेखाटनातील खोली

हाताने काढलेल्या चित्रात खोली दाखवण्यासाठी विद्यार्थ्याने प्रथम देहाकडे नळ्या, शंकू आणि घुमट यांची जुळणी म्हणून पाहावयास शिकले पाहिजे. मनगटाभोवतीचा कफ, कमरेचा पट्टा आणि घोट्यापाशी येणारा काठ या वास्तविक वर्तुळाकार कडा असल्या तरी चित्रात त्या लंबवर्तुळाकार दिसतात, आणि हे लंबवर्तुळ डोळ्यांच्या पातळीपासून जितके दूर असेल तितके ते फुगीर होत जाते. डोळ्यांच्या पातळीखालील कडा खालच्या बाजूला वळलेली दिसते, तर वरची कडा वर वळते. नवशिक्याच्या चित्रातील वस्त्र कागदी बाहुलीवर चिकटवल्यासारखे दिसते, त्याचे कारण बहुधा या कडा सरळ रेषेत काढल्या जाण्यात असते. आडव्या पट्ट्यांचे कापड हे या अभ्यासासाठी उत्तम साधन आहे, कारण प्रत्येक पट्टा देहाची वळणे उघड करून दाखवतो.

घड्यांचेही व्याकरण असते. कापड जेथे टेकलेले किंवा ताणलेले असते तेथून घडी निघते आणि गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने रुंद होत जाते. खांद्यासारख्या एका बिंदूपासून लोंबणारे कापड शंकूसारखे पसरते, दोन बिंदूंमध्ये सैल सोडलेले कापड झोक्यासारखे लोंबते, आणि वाकलेल्या कोपरापाशी नळी दबल्यामुळे तिरकस घड्या एकमेकींना छेदतात. म्हणून प्रत्येक घडी काढताना ती कोठून धरली गेली आहे, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा. पादत्राणांच्या रेखाटनात प्रथम योग्य यथादर्शनात एक पेटी काढून तिच्यात पावलाची लांबी, पंज्याची रुंदी आणि टाचेची उंची बसवण्याची पद्धत उपयोगी पडते, कारण बूट हा दोन्ही बाजूंनी असमान आकार आहे आणि केवळ बाजूच्या दृश्यावरून त्याची आतली कमान कळत नाही.

कापडाचा स्वभाव आणि त्याचे मोजमाप

एकच खाका मलमलीत, खादीत आणि डेनिममध्ये शिवला तर तीन निराळी वस्त्रे तयार होतात, कारण आकार जितका बेतण्यावर अवलंबून असतो तितकाच तो कापडाच्या वाकण्यावर, ताणण्यावर, तिरपे होण्यावर आणि वजनावर अवलंबून असतो. कापडाचे लोंबणे मोजण्याची एक प्रसिद्ध पद्धत अशी आहे : १८ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर ३० सेंटिमीटर व्यासाचा कापडाचा गोल तुकडा मध्यभागी ठेवतात आणि त्याची सावली कागदावर पाडून तिची कडा आखतात. तबकडीबाहेर उरणाऱ्या पूर्ण कड्याच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत सावलीने किती भाग व्यापला याची टक्केवारी म्हणजे लोंब-गुणांक होय. कडक कापडाची सावली जवळजवळ पूर्ण वर्तुळ राहते, तर मऊ कापड आत कोसळून फुलाच्या पाकळ्यांसारखी लहान सावली टाकते. क्षेत्रफळ काढण्यासाठी कागदातून सावलीचे कडे कापून त्याचे वजन करण्याची रीत असल्यामुळे हा प्रयोग साध्या वर्गखोलीतही करता येतो. जपानमध्ये सुएओ कावाबाता यांनी १९७०च्या दशकात याहून सूक्ष्म अशी मापनपद्धती उभी केली, जिच्यात ताण, तिरपेपणा, वाकणे, दाब आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा हे गुण अल्प बलाखाली स्वतंत्र उपकरणांनी मोजले जातात.

या मोजमापांचे महत्त्व संगणकयुगात वाढले. संगणकात कापड उभे करण्यासाठी त्याची कल्पना असंख्य बिंदूंच्या जाळ्यासारखी करतात. शेजारच्या बिंदूंमधील ओढ, गुरुत्वाकर्षण आणि देहाशी होणारी टक्कर यांची गणिते क्षणाक्षणाला सोडवून प्रत्येक बिंदूचे पुढचे स्थान काढले जाते. १९८७ मध्ये दिमित्री तेर्झोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचीक पदार्थांच्या अशा प्रतिरूपांचा पाया घातला, आणि १९९८ मध्ये डेव्हिड बॅराफ व अँड्र्यू विट्किन यांनी ही गणिते कालाच्या मोठ्या टप्प्यांतही स्थिर ठेवण्याची रीत मांडल्यामुळे वस्त्रांचे अनुकरण व्यवहार्य वेगाने होऊ लागले. आज वस्त्ररचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थी सपाट खाका आखतो, कोणती कड कोणत्या कडेला शिवायची ते दाखवतो, कापडाचे गुण भरतो, आणि मग ते तुकडे आभासी देहाभोवती जुळून वस्त्र तयार होते. ताण कोठे जास्त आहे ते रंगांच्या नकाशात दिसते आणि खाक्यात केलेला बदल तत्काळ वस्त्रावर उमटतो. दक्षिण कोरियातील क्लो हे या प्रकारचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे. ज्यांना परवान्याचे शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी त्रिमितीय कामाकरिता ब्लेंडर आणि खाक्यांसाठी सीमली टू-डी अशी मुक्त साधने उपलब्ध आहेत.

वस्त्राच्या आकाराइतकाच त्यावरील नक्षीचा विचारही त्रिमितीयच असावा लागतो. चौकटीचे कापड बाजूच्या शिवणीत जुळते की नाही, मोठ्या फुलाचा मध्य टक्समध्ये अर्धा गिळला जातो का, साडीचा काठ निऱ्यांत येऊन कसा दिसतो, हे प्रश्न सपाट नक्षी काढतानाच सोडवावे लागतात. विणाईच्या तंत्रात तर कापड आणि आकार एकाच वेळी जन्माला येऊ शकतात : शिमा सेकी या जपानी कंपनीने १९९५ मध्ये संपूर्ण वस्त्र शिवणीविना विणणारे यंत्र सादर केले, ज्यात टाके कमी-अधिक करून उभार आणि निमुळतेपणा साधला जातो. कापून फेकल्या जाणाऱ्या कापडाचा प्रश्न पाहता या दिशेचे महत्त्व पुढेही वाढत जाईल.

पादत्राणे : साच्यावरची भूमिती

पादत्राणाच्या रचनेत देहाची जागा साचा घेतो. या साच्याला कारागीर फर्मा आणि कारखान्यांत लास्ट म्हणतात. मानवी पावलात २६ हाडे असतात आणि उभे राहिल्यावर वजनाने पाऊल लांबते व पसरते. पण फर्मा म्हणजे पावलाची हुबेहूब नक्कल नव्हे. त्यात बोटांपुढे मोकळी जागा सोडलेली असते, तळाची कड स्पष्ट घडवलेली असते, चालताना पाऊल पुढे लोळावे म्हणून पुढचे टोक जमिनीपासून किंचित उचललेले असते, आणि टाचेची उंची आधीच ठरवलेली असते. म्हणूनच टाचेची उंची बदलायची असेल तर फर्माच बदलावा लागतो, केवळ नवी टाच लावून भागत नाही.

फर्म्यावरून खाका मिळवण्याची पारंपरिक पद्धत विद्यार्थ्याला त्रिमितीचे मर्म थेट हातात देते. फर्म्यावर कागदी चिकटपट्टीचे थर बसवून त्यावर पुढची व मागची मध्यरेषा, पंज्याची रेषा आणि बुटाचे भाग आखतात. मग मध्यरेषेवर कापून आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे कवच वेगळे सोलून काढतात आणि ते पुठ्ठ्यावर सपाट चिकटवतात. कवच सहजासहजी सपाट होत नाही : पंज्याच्या घुमटापाशी कडेला चीर देऊन ते पसरू द्यावे लागते आणि पावलाच्या वरच्या खोगिरासारख्या भागी ते सुरकुतते. दोन्ही बाजूंची सरासरी काढून मूळ खाका ठरतो, त्यावरून निरनिराळे भाग उतरवले जातात आणि खालच्या कडेला साधारण १५ ते २० मिलिमीटर कातडे तळाखाली ओढून चिकटवण्यासाठी सोडतात. सपाट होताना राहिलेली तफावत कातड्याच्या ताणक्षमतेने भरून निघते, आणि म्हणून कातड्याची दिशाही पाहावी लागते. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट असते तर पोटाकडचे अधिक ताणते. फर्म्यावर वरचे कातडे ओढून बसवण्याचे काम एकेकाळी केवळ कुशल हातांनीच होत असे. अमेरिकेत यान मॅट्झेलिगर यांनी १८८३ मध्ये त्यासाठीच्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि बूट उद्योगाचे रूप पालटले. आज संगणकात फर्म्याचे त्रिमितीय छायांकन घेऊन त्याचे कवच उलगडता येते, तरी कवच कोठे फाटू द्यायचे आणि कोठे ताणायचे हा निर्णय रचनाकाराचाच असतो.

मापांच्या पद्धतीही समजून घ्याव्या लागतात. युरोपातील पॅरिस पॉइंट हे एकक एका सेंटिमीटरच्या दोन-तृतीयांश इतके असते, म्हणून ४२ क्रमांकाच्या फर्म्याची लांबी २८ सेंटिमीटर येते. ब्रिटिश पद्धतीत एकेक क्रमांक इंचाच्या एक-तृतीयांशाने वाढतो आणि प्रौढांच्या ८ क्रमांकाची लांबी ११ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढीच भरते. भारतीय पावलांचा स्वतंत्र अभ्यास मात्र फार उशिरा झाला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेऊन भारतीय क्रमांकपद्धतीचा पाया घातला आहे, तर वस्त्रांसाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांतील लोकांचे त्रिमितीय छायांकन करून देहमापांचा प्रकल्प हाती घेतला. ज्या देहासाठी वस्तू घडवायची त्या देहाचीच मापे हाती असणे हा त्रिमितीय रचनेचा पहिला आधार असल्यामुळे, या प्रकल्पांचे महत्त्व केवळ सरकारी आकडेवारीपुरते नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासमोर कोल्हापुरी चप्पल हा अभ्यासाचा उत्तम विषय आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन लाभलेल्या या चपलेत वरचा भाग उघडा असल्यामुळे बंद बुटासारखा गुंतागुंतीचा उलगडा करावा लागत नाही. पण पट्ट्याची लांबी, त्याचा तळाशी होणारा कोन आणि अंगठ्याची जागा यांत थोडी चूक झाली तरी चप्पल पायाला काचते. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे वापराने पायाचा आकार घेते, म्हणजे रचनेचा अखेरचा टप्पा वापरणाऱ्याच्या पावलाखाली पूर्ण होतो. कारागिरांच्या हातात असलेली ही मापांची समज त्रिमितीय आराखड्यांत नोंदवली गेली, तर ती पुढच्या पिढीला शिकवता येईल आणि चपलेच्या अनुकरणाला आळा घालण्यासाठी पुरावा म्हणूनही तिचा उपयोग होईल.

शिक्षणाचा क्रम

या सर्व विवेचनावरून शिक्षणाचा क्रम आपोआप स्पष्ट होतो. आरंभी कागदाच्या घड्या, शंकू आणि फाकांचे प्रयोग करून भूमितीची नजर तयार करावी. त्यानंतर मांजरपाट पुतळ्यावर टाचून खाका मिळवण्याचा सराव करावा आणि त्याच खाक्याचे तांत्रिक रेखाचित्र काढावे. मग कापडांचे गुण मोजून त्यांची वही ठेवावी. आणि अखेरीस तोच खाका संगणकात भरून आभासी वस्त्र व शिवलेले वस्त्र यांची शेजारी-शेजारी तुलना करावी. ही तुलना शिक्षणाचा सर्वांत फलदायी भाग आहे, कारण पडद्यावरचा देह बहुधा कठीण पृष्ठभागाचा असतो, खरे शरीर दबते आणि श्वास घेते. पडद्यावरच्या शिवणीला जाडी कमी असते, खऱ्या शिवणीत चार पदर येतात. आणि तयार यादीतून निवडलेल्या कापडाचे गुण हातातील कापडाशी क्वचितच तंतोतंत जुळतात. या तफावती ज्याने स्वतः मोजल्या आहेत, तोच संगणकाच्या चित्रावर कितपत विसंबायचे हे जाणतो. संगणकामुळे नमुने शिवण्याच्या फेऱ्या कमी होतात, कापड आणि वेळ वाचतो, आणि दूरच्या कारखान्याशी एकाच प्रतिकृतीवर बोलता येते, हे त्याचे लाभ निर्विवाद आहेत. मात्र टक्स कोठे हवा हे न कळणाऱ्याला संगणक ते शिकवत नाही.

आज हे शिक्षण प्रामुख्याने मोठ्या शहरांतील संस्थांत आणि इंग्रजी माध्यमातून मिळते, तर वस्त्र आणि चर्मोद्योगातील बहुसंख्य कुशल हात लहान गावांत, घरगुती शिवणवर्गांत आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत घडतात. त्यांच्या कौशल्यात भूमिती आधीपासूनच आहे. तिला रेखाटनाची, मापाची आणि संगणकाची जोड मराठीतून मिळाली, तर बेतणारा शिंपी आणि चप्पल घडवणारा कारागीर केवळ दुसऱ्याच्या संकल्पनेची अंमलबजावणी करणारा न राहता स्वतः संकल्पक होऊ शकेल. म्हणून अशा प्रत्येक शिवणवर्गात कागद, कात्री आणि मांजरपाट यांच्या शेजारी मुक्त सॉफ्टवेअर असलेला एक संगणक असावा आणि तो शिकवणारा मराठीतून शिकवणारा असावा, ही मागणी महाराष्ट्राने आता आग्रहाने करावयास हवी.